सिग्नल पुण्यात, चलान इनामगावात

लाल दिवा ओलांडणाऱ्या वाहनाची चौकातल्या कॅमेऱ्याने नोंद केली, की त्या नोंदीवरून मालकाच्या नावे दंडाची नोटीस निघते. हेच ई-चलान. घोड नदीकाठच्या इनामगावात सिग्नल नाही, तरी तिथल्या मोटारसायकल आणि पिकअपवाल्यांना ही चलाने येतात. न्हावरे-शिक्रापूरमार्गे नगर रस्त्याने किंवा चौफुल्यावरून सोलापूर रस्त्याने पुण्यात शिरलेली गाडी खराडी, येरवडा किंवा हडपसरपासून पुढे एकामागून एक सिग्नल पार करत जाते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल उतरवून गाडी घरी येते आणि काही दिवसांनी मोबाइलवर मेसेज पडतो. मग गावात सल्ले सुरू होतात: भरूच नको, सहा महिन्यांनी आपोआप जातं, लोकअदालतीत माफ होतं. यातले बरेचसे सल्ले अर्धवट माहितीवर उभे असतात आणि ऐकणाऱ्याला महागात पडतात.

पोलिसाने अडवले नाही, सही घेतली नाही, म्हणजे दंड कायदेशीर नाही, ही समजूत सर्वांत जुनी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १३६-अ आले आणि रस्त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक देखरेखीला कायद्याचा आधार मिळाला. त्याचे तपशील ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ या नियमाने घातले गेले. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांतले महत्त्वाचे चौक त्यात येतात, म्हणजे पुणे आलेच. कॅमेऱ्याला राज्य सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाचे प्रमाणपत्र लागते आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. कॅमेरा असल्याचा फलक रस्त्यावर लावावा लागतो. नोटीस गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत पाठवावी लागते. नोटिशीत गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि लागू केलेले कलम असावे लागते. हा नियम पोलिसांना अधिकार देतो तसा वाहनमालकालाही आधार देतो, आणि ही दुसरी बाजू फार थोड्यांना ठाऊक असते. नोटीस पंधरा दिवसांनंतर निघाली तर चलान आपोआप रद्द होत नाही; पण तक्रारीत किंवा कोर्टात मांडण्यासारखा तो ठोस मुद्दा आहे.

या कॅमेऱ्यांच्या इतिहासात मॉरिस गॅटसोनिडीस या डच मोटारशर्यतपटूचे नाव ठळक आहे. १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकणाऱ्या या माणसाने वळणावरचा स्वतःचा वेग मोजून तो वाढवण्यासाठी उपकरण बनवले होते. पुढे त्याच्याच कंपनीचे कॅमेरे जगभर वेगावर आणि लाल दिव्यावर नजर ठेवू लागले.

पिवळ्या दिव्यात शिरलेल्या गाडीलाही पावती पडते, हा समज कॅमेऱ्याचे काम माहीत नसल्यामुळे होतो. कॅमेरा थांबरेषा पाहतो. झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे रस्त्यावर आडवी पांढरी रेघ असते, ती ही रेषा. दिवा लाल झाल्यानंतर गाडीने रेषा ओलांडली तर गुन्हा नोंदला जातो. त्यासाठी गाडी रेषेच्या अलीकडे असताना आणि पलीकडे गेल्यावर अशी दोन चित्रे असली की पुरावा पक्का होतो. दिवा पिवळा असताना रेषा ओलांडून चौकात शिरलेली गाडी मध्यावर असताना दिवा लाल झाला, तर तो सिग्नल तोडणे ठरत नाही. मात्र पिवळा दिवा वेग वाढवण्यासाठी नसतो. सुरक्षितपणे थांबता येत असेल तर रेषेअलीकडे थांबायचे, हाच त्याचा अर्थ. पहाटे चारला भाजीची पिकअप घेऊन निघालेल्याचा आणखी एक समज असतो, की रात्री सिग्नल धरत नाहीत. पिवळा दिवा उघडझाप करत असेल तर जपून पुढे जाता येते. दिवा नेहमीसारखा लाल असेल तर रस्ता मोकळा असला तरी थांबावेच लागते, कारण रस्ता रिकामा असणे ही कायद्यात सूट नाही.

यंत्र चुकत नाही, असे मानणारेही पुष्कळ. नंबर वाचणारी यंत्रणा अक्षरांचे आकार ओळखते. इंग्रजी बी आणि ८, डी आणि शून्य यांत तिची गफलत होऊ शकते. उसाच्या हंगामात चिखलाने माखलेली प्लेट, एका बाजूने निखळलेली प्लेट आणि हौसेने कलाकारी केलेली प्लेट या तिच्या खास अडचणी. ४१४१ हा आकडा ‘दादा’ दिसावा किंवा ४९१२ ‘पवार’ दिसावा अशा बेताने रंगवलेली पाटी माणूस कौतुकाने वाचतो. यंत्र ती भलतीच वाचू शकते, आणि तो दंड ज्याचा काही संबंध नाही अशा माणसाच्या दारात जातो. म्हणून चलान आल्यावर पहिले काम फोटो उघडण्याचे. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अॅपवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान दिसते. हे आकडे आरसी बुकात असतात. फोटोतली गाडी काळी आणि आपली लाल, फोटोत स्कूटर आणि आपली मोटारसायकल, किंवा त्या वेळी गाडी पुण्यात नव्हतीच, असे काही निघाले तर तिथेच तक्रारीची सोय आहे. तक्रारीसोबत आरसी आणि गाडीचा चारी बाजूंनी काढलेला फोटो जोडावा. मॉडेल आणि रंगही आपल्यासारखेच पण गाडी मात्र दुसरी, असे असेल तर कोणीतरी आपला नंबर वापरत असण्याची शक्यता असते. तेव्हा पोलिस ठाण्यात लेखी तक्रार देणे आवश्यक. नाहीतर उद्या त्या नंबरावर चलानापेक्षा मोठी भानगड येऊ शकते.

सिग्नल तोडला की हजारोंचा दंड, ही भीतीही तपासून घ्यावी. वाहतूक चिन्ह किंवा सिग्नल न पाळल्याबद्दल कलम ११९ आणि १७७ लावले, तर दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा झाला तर १५०० रुपयांपर्यंत असतो. लाल दिवा तोडणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक वाहन चालवण्याच्या कलम १८४ मध्येही मोडते. तिथे पहिल्या गुन्ह्याला १००० ते ५००० रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. एकच कृती दोन वेगळ्या कलमांत बसू शकते, म्हणून नोटिशीतला कलमाचा रकाना वाचल्याशिवाय रक्कम बरोबर की चूक हे कळत नाही. मोठा आकडा बऱ्याचदा एका सिग्नलचा नसतो. हेल्मेट नाही, विमा संपलेला, तिघे एका गाडीवर, अशा वेगवेगळ्या दिवशीच्या नोंदी साचून तो फुगलेला असतो. विम्याचाच दंड पहिल्या वेळी २००० रुपयांचा आहे.

गाडी पुतण्याने नेली होती, मग दंड मालकाला का, हा प्रश्न रास्त आहे. चलान नोंदणीकृत मालकाच्या नावे निघते, कारण यंत्रणेला नंबरावरून तेवढेच नाव कळते. कलम १३३ नुसार त्या वेळी गाडी कोण चालवत होते हे विचारल्यावर सांगणे हे मालकाचे कर्तव्य आहे. चालवणारा अठरा वर्षांखालचा असेल तर मात्र प्रकरण फार गंभीर होते: कलम १९९-अ खाली पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. बारावीच्या आधीच मोटारसायकल हातात देण्याची सवय असलेल्या घरांनी हे कलम एकदा शांतपणे वाचावे.

चलान म्हणजे शिक्षा, अशी धारणा असते. तसे नसते. तो आरोप असतो आणि सोबत कलम २०० नुसार तडजोडीची रक्कम सांगितलेली असते. ती भरली की प्रकरण तिथेच मिटते. आरोप मान्य नसेल तर कोर्टापुढे जाऊन बाजू मांडता येते. पण तिथे आरोप सिद्ध झाला तर दंड तडजोडीच्या रकमेइतकाच राहील याची हमी नसते. फोटो स्पष्ट असेल, गाडी आपली असेल आणि दिवाही लाल दिसत असेल, तर पाचशे रुपयांसाठी पुण्याच्या खेपा मारणे शहाणपणाचे नाही. फोटो चुकीचा असेल तर मात्र कटकट नको म्हणून भरून टाकणेही बरोबर नाही, कारण पैसे भरल्यावर हरकतीला जागा उरत नाही.

सहा महिन्यांनी चलान बाद होते, या समजात खऱ्याचा एक अंश आहे. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाला सहा महिन्यांनंतर घेता येत नाही आणि एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद असेल तर ही मुदत एक वर्ष असते. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये हे सांगितले आहे. पण ही मुदत कोर्टाने दखल घेण्याची आहे. संकेतस्थळावरची नोंद तिने पुसली जात नाही आणि नाक्यावरच्या तपासणीत थकीत रक्कम दिसतच राहते.

लोकअदालतीचेही तसेच. दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात दाखल होण्याआधीचे, प्रकरण म्हणून थकीत चलाने राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवली जातात आणि मालकांना मेसेजने कळवले जाते. तिथे होते ती तडजोड. सवलत मिळू शकते, मात्र ती हक्क म्हणून मागता येत नाही. तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही. न गेल्याने लोकअदालत शिक्षाही करत नाही. प्रकरण नेहमीच्या वाटेने पुढे जाऊ शकते.

चलानाचा प्रत्येक मेसेज पोलिसांचाच असतो, हा समज सर्वांत घातक. व्हॉट्सअॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल पाठवून फोनचा ताबा घेणारे आणि बँक खाते रिकामे करणारे भामटे सक्रिय आहेत. चलान पाहण्यासाठी कोणतीही फाइल उतरवावी लागत नाही, आणि सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. मेसेजमधली लिंक न दाबता पत्ता स्वतः टाकून पाहिले की खरे-खोटे लगेच कळते.

शेवटचा गैरसमज जुन्या गाड्यांच्या व्यवहारातला. पैसे मिळाले, चावी दिली, मालकी बदलाच्या ‘टीटी’ फॉर्मवर सही केली की गाडीशी संबंध संपला, असे विकणारा धरून चालतो. कायद्याला मालक म्हणून दिसतो तो ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. कलम ५० नुसार विकणाऱ्यानेही चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते. सही केलेले फॉर्म घेणाऱ्याच्या खिशात वर्षभर तसेच राहिले, तर हडपसरच्या सिग्नलवर त्याने तोडलेल्या लाल दिव्याचे चलान इनामगावातल्या जुन्या मालकाच्याच नावे निघते. आणि नोंदणीत मोबाइल नंबर एजंटाचा असेल, तर त्या चलानाचा मेसेजही जुन्या मालकाला कधी मिळत नाही.