सीडी प्लेयर : आधी लेन्स विचारा
जुन्या यंत्रांची खरेदी – लेखांक ६

सीडी आणि गडचिरोली जिल्हा एकाच महिन्यात जन्मले. १७ ऑगस्ट १९८२ रोजी जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या लांगनहागन इथे पॉलिग्रामच्या कारखान्यातून विक्रीसाठीची पहिली सीडी बाहेर पडली. २६ ऑगस्टला चंद्रपूर जिल्ह्याचं विभाजन होऊन गडचिरोली वेगळा झाला. १ ऑक्टोबरला सोनीचा सीडीपी-१०१ जपानच्या दुकानांत आला. योगायोगाचं महत्त्व तेवढ्यापुरतंच, पण याच जिल्ह्यातल्या आरमोरीच्या वाचकाला त्यातून वयाचा अंदाज येईल. जुन्या बाजारात ‘हाय-एंड’ म्हणून जे प्लेयर फिरतात, त्यांतले बरेचसे जिल्ह्याच्या बरोबरीचे नाहीतर पाच-दहा वर्षांनी धाकटे. या वयाचं यंत्र घ्यायचं तर त्याची तब्येत पाहूनच घ्यायला हवं, आणि सीडी प्लेयरच्या बाबतीत तीच पाहणं अवघड असतं.

गेल्या दोन लेखांकांत कॅसेट डेक आणि रेकॉर्ड प्लेयर पाहिले. ती यंत्रं बिघडली की कानाला कळतं. बेल्ट सैल झाला की सूर डुलतो, हेड झिजलं की आवाज बसतो, सुई गेली की खरखर वाढते. सीडी प्लेयर मात्र शेवटच्या दिवसापर्यंत ठणठणीत वाजतो. सीडीवरची माहिती सलग एका जागी नसते. ती विस्कटून, सोबत जादा आकडे जोडून वाटेवर पुढे-मागे पसरलेली असते. त्यामुळे सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा मजकूर वाचताच आला नाही, तरी प्लेयर तो उरलेल्या आकड्यांवरून जसाच्या तसा परत उभा करतो. त्याहून मोठी गळती असली तर मागच्या-पुढच्या आकड्यांवरून अंदाज बांधून वेळ मारून नेतो. लेसर निम्मा थकला तरी ही दुरुस्ती त्याची लाज झाकत राहते. मग एका संध्याकाळी पडद्यावर ‘नो डिस्क’ येतं. त्यामुळे विकणाऱ्याने सोफ्यावर बसवून एक गाणं ऐकवलं आणि तुम्हाला ते गोड वाटलं, तर त्यावरून फक्त ॲम्प्लिफायर आणि स्पीकर बरे आहेत एवढंच कळलं.

म्हणून कंपनीचं नाव नंतर; आधी लेन्स कोणती ते विचारा. आपल्याकडचे मेकॅनिक लेसर, भिंग आणि त्याची चुंबकी गुंडाळी या सगळ्या जोडणीला मिळून ‘लेन्स’ म्हणतात, आणि तोच शब्द सोयीचा आहे. ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा लेसर १.६ मायक्रॉन अंतरावरच्या वाटांवरून चालवायचा, हे तिचं काम. हे काम करणारा सुटा भाग जगात मोजक्याच कारखान्यांनी बनवला: मुख्यतः फिलिप्स आणि सोनी, शिवाय सान्यो, पायोनियर अशी थोडी नावं. लाखाचा प्लेयर बनवणाऱ्या छोट्या युरोपीय किंवा अमेरिकन कंपन्या ही लेन्स त्यांच्याकडूनच विकत घेत. जाड ॲल्युमिनियमचं खोकं, मोठा ट्रान्सफॉर्मर, आकड्यांचा आवाज करणारी उत्तम आयसी हे सगळं त्यांचं स्वतःचं. पण जो भाग सर्वात आधी मरतो, तो अनेकदा बाजारातल्या साध्या प्लेयरमधलाच.

ही गोष्ट ऐकून हिरमुसू नका, खेड्यातल्या गिऱ्हाइकाला ती सोयीचीच आहे. सोनीची केएसएस-२१३ आणि सान्योची एसएफ-पी१०१एन या दोन लेन्स व्हीसीडीच्या जमान्यात गावोगावच्या मेकॅनिकांनी ढिगाने बदलल्या. त्या, किंवा त्यांच्या चिनी नकला, आजही काही शे रुपयांत मिळतात. नकला सारख्या दर्जाच्या नसतात, दोन-तीन घेऊन त्यातली एक चांगली निघाली असं होतं. तरीही प्लेयर जिवंत राहतो.

फिलिप्सचं प्रकरण वेगळं. त्यांच्या सुरुवातीच्या यंत्रणेत लेन्स रुळावरून सरकत नाही, रेकॉर्ड प्लेयरच्या हातासारख्या एका छोट्या दांड्यावर बसून कमानीत फिरते. त्यातली सीडीएम-१ ओतीव धातूची, काचेच्या भिंगाची. मरांट्झच्या सीडी-९४ मध्ये ती आहे. दातेरी चाकं नाहीत, झिजायला फारसं काही नाही, म्हणून ती अजून चालते. मात्र गेली तर नवी मिळत नाही, दुसरा मेलेला प्लेयर शोधून त्यातली काढावी लागते. नंतरच्या सीडीएम-१२ मालिकेत फिलिप्सने दांडा सोडून सरळ रूळ आणि प्लास्टिकचा स्वस्त साचा आणला. नव्वदच्या दशकातल्या गाजलेल्या मरांट्झ सीडी-६३ मध्ये ती बसते. तिच्या बदली लेन्स मिळतात. मला विचाराल तर आरमोरीत राहणाऱ्याने सीडी-९४ च्या मोहात पडण्यापेक्षा सीडी-६३ च्या जातीचं काहीतरी घ्यावं. आवाजात पहिला सरस असेलही, पण बंद पडलेल्या प्लेयरला आवाजच नसतो.

टीॲकच्या व्हीआरडीएस यंत्रणेबद्दलही हेच. त्यात सीडी तिच्याच आकाराच्या जड चकतीला घट्ट दाबून फिरवतात. बघायला सुंदर, पण खोलायची तर जाणकारच हवा. स्कॉटलंडच्या लिन कंपनीने तर २००९ सालीच सीडी प्लेयर बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. अशा कंपन्यांच्या जुन्या मालाला भाग कुठून मिळणार, हे विकणाऱ्याला तोंडावर विचारावं. तो अडखळला तर किंमत तिथेच खाली यायला हवी.

आता बाजारातली एक लबाडी. बऱ्याच लेन्सच्या बाजूला स्क्रूएवढा छोटा प्रीसेट असतो, तो फिरवला की लेसरला जास्त करंट मिळतो. दमलेल्या बैलाला पराणी टोचून पटात पळवावं, तसा हा प्रकार: मेलेली लेन्स पुन्हा सीडी वाचू लागते, सौदा होतो, आणि काही आठवड्यांत लेसर जळतो. पकडायचं कसं? सोनीच्या अनेक लेन्सवर एक छोटा कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर कारखान्यात मोजलेला करंट लिहिलेला असतो. शेवटचे आकडे ५६७ असतील तर ५६.७ मिलिअँपिअर. मेकॅनिकने आज मोजलेला करंट याहून बराच वर असेल तर ती लेन्स उधारीवर चालली आहे. मोजणारा सोबत नसेल तर निदान प्रीसेटवरचा कारखान्याचा रंगाचा ठिपका तुटला आहे का ते बघा. झाकण उघडून चालू प्लेयरच्या भिंगात मात्र डोकावू नका.

स्वतःची परीक्षा घरातूनच तयार करून न्या. सत्तर मिनिटांहून लांब सीडी, थोडी ओरखडे पडलेली एक, आणि संगणकावर जाळलेली (बर्न केलेली) एक. सीडी आतून बाहेर वाचली जाते. म्हणून पहिलं गाणं वाजून शेवटचं अडखळत असेल, तर रुळांवरचं सुकलेलं ग्रीस किंवा फिरवणारी मोटर यांच्यावर संशय घ्या; ते स्वस्तात सुटतं. सगळीकडे अडखळत असेल, किंवा छापील सीडी वाजते पण जाळलेली वाजत नाही, तर बहुधा लेन्सच कमकुवत. विकणाऱ्याला सांगून ठेवा की मी येईपर्यंत प्लेयर लावू नकोस. थंड असताना एकदा, आणि तासभर चालून गरम झाल्यावर पुन्हा, असं दोन्ही वेळा वाजवा. ट्रे बाहेर यायला कुरकुरत असेल तर घाबरू नका, रबर बेल्ट सैल झाला आहे. रिमोट मागा. काही प्लेयरच्या पुढच्या तोंडावर दोन-तीनच बटणं असतात, बाकी सगळं रिमोटवर.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा चोर बाजारात जपानहून आलेला माल दिसतो तेव्हा मागची पट्टी वाचा. तिथे १०० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० च्या लाईनवर तो थेट लावला की संपला. वेगळा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, त्याची किंमत सौद्यात धरा.

आपल्या भागाची दोन दुखणी मात्र कुठल्याच परदेशी पुस्तिकेत नसतात. पहिलं ऊन. वैनगंगेपलीकडच्या ब्रह्मपुरीचा पारा दर उन्हाळ्यात राज्यात वरच्या जागी असतो, ४६-४७ अंश ही तिथे बातमीसुद्धा राहिलेली नाही. पॉवर सप्लायमधल्या कंडेन्सरचं आयुष्य दर दहा अंश गरमीला साधारण निम्मं होतं. म्हणजे वीस अंशांनी थंड असलेल्या देशातल्या घराच्या मानाने इथे ते पावपट. काही हाय-एंड कंपन्या प्लेयर कायम चालू ठेवायला सांगतात. तो सल्ला त्यांच्या देशापुरता ठेवावा. इथे ऐकून झालं की बंद. घेताना झाकण उघडून फुगलेले किंवा बुडाशी ओलसर कंडेन्सर दिसले तर ते सगळे बदलण्याचा खर्च धरा. हे काम आपल्याकडे अवघड नाही. झाडीपट्टीच्या नाटकांमुळे वडशात साउंडवाल्यांची कमी नाही, आणि रात्रभर प्रयोग चालवणाऱ्यांना पॉवर सप्लाय दुरुस्त करता येतो. लेन्सचं नाजूक काम मात्र नागपूरच्या जाणकाराकडे न्या.

दुसरं दुखणं लाईनचं. धानाच्या हंगामात मोटारी लागल्या की व्होल्टेज झोपतं आणि गेलेली लाईन परत येताना झटका देऊन येते. चांगला स्टॅबिलायझर लावा, आणि लाईन गेली की आधी प्लेयरचं बटण बंद करा. पावसाळ्यात मुंग्या आणि पाली गरम खोक्यात शिरतात, त्यामुळे कपाटात कोंबून ठेवण्यापेक्षा उंचावर, मोकळं ठेवा.

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत माल आणायचा असेल तर आधी आतली सीडी काढा आणि प्लेयर उलटा करून बूड पाहा. अनेक मॉडेलला तिथे लेन्सची यंत्रणा बांधून ठेवणारे, बरेचदा लाल रंगाचे स्क्रू असतात. प्रवासाआधी ते आवळायचे, घरी येऊन वाजवण्याआधी काढायचे. ते हरवले असतील तर प्लेयर बसच्या टपावर किंवा डिक्कीत टाकू नका, मांडीवर घेऊन या. पावसाळी दिवस असेल तर आल्या आल्या लावूही नका, भिंगावर धरलेलं दव उडायला तासभर द्या.

आणि मागच्या बाजूला ‘डिजिटल आऊट’ आहे ना, ते पाहून ठेवा. पुढेमागे आवाजाची आयसी गेली तरी लेन्स शाबूत असेल तर त्याच तारेवरून स्वस्तातला वेगळा डॅक (आकड्यांचा आवाज करणारा खोका) जोडून प्लेयर चालू राहतो. काही थोड्या मॉडेलना ‘डिजिटल इन’ही असतो. तसा एखादा, लेन्स मेलेला म्हणून भंगारच्या भावात मिळाला, तर घरातला जुना डीव्हीडी प्लेयर त्याला जोडून ऐकता येतं.

पुढच्या लेखांकात जुना ॲम्प्लिफायर.