ऑफ-रोड ट्रकला शॉकअपचे कस्टम माउंट कसे बनवतात? सोप्या भाषेत समजून घ्या

मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात 1967 पासून होणाऱ्या 'बाहा 1000' शर्यतीचे रील्स तुम्ही पाहिले असतीलच. ट्रक हवेत उडतो, धाडकन खाली आदळतो आणि काहीच झालं नाही असा पुढे पळतो. खाली कॉमेंट्समध्ये सगळे शॉकअपचं कौतुक करतात. पण त्या शॉकअपला चॅसीशी धरून ठेवणारा एक लोखंडी तुकडा असतो, त्याला म्हणतात माउंट. तो तुटला तर कितीही महागडा शॉकअप नुसता लोंबकळत राहतो. आज त्याच तुकड्याबद्दल बोलूया.

मुळात नवा माउंट कशाला?

गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही, ते काम स्प्रिंगचं किंवा पाट्यांचं. शॉकअप त्यांची उसळी आवरतो. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते.

आता अमेरिकेत अजूनही दिसणारा 1980 च्या दशकातला टोयोटा पिकअप घ्या. मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे. मालकाने गाडी 4 इंच उचलली की अ‍ॅक्सल आणि चॅसीमधलं अंतर वाढतं. म्हणजे मूळ शॉकअप उभ्या गाडीतच ताणलेला, चाक खड्ड्यात खाली जाणार कसं? बरं, लांब शॉकअप लावला तर चाक वर आल्यावर तो वेळेआधीच पूर्ण मिटतो आणि आपटतो. म्हणून माउंटची जागाच बदलावी लागते.

आधी मोजमाप, मग वेल्डिंग

समजा नवा शॉकअप उघडा 26 इंच आणि मिटलेला 16 इंच आहे. म्हणजे ट्रॅव्हल 10 इंच. उभ्या गाडीत तो 21 इंचांवर बसवला तर चाकाला 5 इंच वर आणि 5 इंच खाली जायला जागा मिळते.

पण हे कागदावर झालं. प्रत्यक्षात चॅसी स्टँडवर ठेवतात, मुख्य पाटा सोडून बाकीचे पाटे काढतात आणि जॅकने अ‍ॅक्सल पूर्ण वर, पूर्ण खाली, मग एका बाजूने तिरका करून बघतात. ब्रेकची नळी, टायर, सायलेन्सर, काहीही घासता कामा नये. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर ही एज केस टेस्टिंग आहे. फरक इतकाच की इथे बग सुटला तर अपडेट पाठवता येत नाही.

दोन गोष्टी ठरलेल्या. शॉकअप पूर्ण मिटायच्या आधी रबरी बम्प स्टॉपने धक्का घ्यायला हवा. आणि तो पूर्ण ताणला जायच्या आधी लिमिट स्ट्रॅपने, म्हणजे मजबूत पट्ट्याने, अ‍ॅक्सलला अडवायला हवं. नाहीतर तो सगळा झटका माउंटच्या बोल्टवर येतो.

अँगलचा खेळ

फोनमधलं लेव्हल अ‍ॅप शॉकअपला टेकवा, तो उभ्या रेषेपासून किती कलला आहे ते कळेल. कल वाढला की शॉकअप कमी दाबला जातो, आणि त्याच्या जोराचाही थोडाच भाग उभ्या दिशेने लागतो. मार दोनदा बसतो, म्हणून हिशोब कोसाइनच्या वर्गाचा:

- 20 अंश: सुमारे 88 टक्के परिणाम
- 30 अंश: 75 टक्के
- 45 अंश: फक्त 50 टक्के

दिसायला भारी वाटतो म्हणून शॉकअप आडवा करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पुठ्ठा, प्लेट आणि बोल्ट

लोखंड कापण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना कापतात. तिकडचे फॅब्रिकेटर गमतीने याला 'कार्डबोर्ड एडेड डिझाइन' म्हणतात. नमुना बरोबर बसला की साधारण 5 ते 6 मिलिमीटर जाडीच्या स्टील प्लेटवर तो आखून कापतात.

बोल्टला आधार एकाच बाजूने की दोन्ही बाजूंनी, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. भिंतीच्या खुंटीला जड पिशवी अडकवा, खुंटी वाकते. पण दोन्ही टोकांना आधार असलेला दांडा तेवढंच वजन आरामात पेलतो. म्हणून शॉकअपचा डोळा दोन प्लेट्सच्या मध्ये धरतात. यालाच डबल शिअर म्हणतात.

वेल्डिंग थेट पातळ चॅसीवर करायचं नाही. आधी एक मोठी प्लेट बसवतात, म्हणजे जोर पसरतो. चॅसीला आडवी छेदणारी सरळ वेल्ड टाळतात, कारण तडा तिथूनच सुरू होतो. प्लेटची टोकं निमुळती ठेवतात.

आधी फक्त टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे टिपके. मग पुन्हा वर-खाली करून तपासायचं आणि सगळं जुळलं तरच पूर्ण वेल्ड. त्याआधी रंग आणि गंज घासून काढायचा, बॅटरीची वायर सोडवायची आणि शॉकअप काढून बाजूला ठेवायचा. गॅस भरलेल्या शॉकअपजवळ वेल्डिंग म्हणजे जिवाशी खेळ. त्याच्या जागी तेवढ्याच लांबीचा पाइप लावून काम करतात.

आपल्याकडे करावं का?

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरची माहिती कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. बेकायदा बदलाला प्रत्येकी 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे रोजच्या गाडीवर प्रयोग नको.

वेल्डिंग शिकायचं असेल तर आधी भंगारातल्या तुकड्यांवर शिका, आणि आपलीच वेल्ड हातोड्याने तोडून बघा. ती कुठून तुटते ते टेबलावर कळलेलं बरं, कारण रस्त्यावर माउंट तुटला तर गाडीत माणसं असतात.