स्वारगेटला उतरल्यावर

सास्तूरहून पुण्याला जायचं तर लोहारा किंवा उमरगा गाठायचं आणि तिथून एसटी धरायची. तालुक्यात रेल्वे नाही, त्यामुळे रुळांवरच्या प्रवासाची सवय फारशी कुणाला नसते. त्यात रात्रीची गाडी बहुधा उजाडायच्या आतच स्वारगेटला सोडते, आणि मेट्रो सुरू होते सकाळी सहाला. तेव्हा भल्या पहाटे उतरलात तर निवांत चहा घ्या.

मेट्रोत गोंधळ होतो तो एकाच कारणानं. एसटीत कंडक्टर आपल्यापर्यंत येतो, कुठं जायचं ते विचारतो, सुटे नसले तर तिकिटामागं बाकी लिहून देतो. मेट्रोत असं कुणी येत नाही. आधी तिकीट, मग बॅगेची तपासणी, मग दार. तिकीट म्हणजे क्यूआर कोड छापलेला कागद. तो दारावरच्या काचेपुढं धरला की झडपा उघडतात. उतरल्यावर बाहेर पडतानाही हेच करायचं असतं, म्हणून आत आल्या आल्या तिकीट चुरगाळून टाकू नका. भाडं अंतराप्रमाणे दहा ते पस्तीस रुपये. फोनवरही तिकीट काढता येतं, पण पहिल्या खेपेला खिडकीवरच जा. तिथं बोलायला माणूस असतो.

मार्ग दोनच आहेत. जांभळा स्वारगेटहून पिंपरी-चिंचवड महापालिकेपर्यंत जातो, आणि निळसर, ज्याला ‘ॲक्वा’ म्हणतात, तो वनाजहून रामवाडीपर्यंत. दोन्ही एकाच ठिकाणी भेटतात, जिल्हा न्यायालयाच्या स्टेशनात. फलाटावरच्या पाटीवर शेवटच्या स्टेशनचं नाव असतं. एसटीची पाटी वाचून गाडीत चढणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. स्वारगेटला तर चुकायची सोयच नाही, कारण आज तरी गाडी तिथून एकाच दिशेनं निघते.

समजा, आईला ससून रुग्णालयात न्यायचं आहे. स्वारगेटला जमिनीखाली गाडीत बसायचं. मंडई, कसबा पेठ, मग मुठेच्या पात्राखालून जिल्हा न्यायालय. इथं उतरायचं, पण बाहेर पडायचं नाही. खालचा फलाट जमिनीपासून सुमारे तेहेतीस मीटर खोल आहे आणि दुसरी गाडी मिळते ती पार वर, पुलावर. सरकत्या जिन्यावर नऊवारीचा काठ किंवा धोतराचा सोगा अडकण्याची भीती असते, म्हणून म्हाताऱ्या माणसांना सरळ लिफ्टनं न्या. वर रामवाडीची गाडी धरली की मंगळवार पेठेनंतर पुणे रेल्वे स्टेशन येतं, तिथून ससून जवळ. तिकीट एकच चालतं, मध्ये दुसरं काढायचं नाही.

दारं आपोआप उघडतात आणि थोड्याच वेळात मिटतात. गाडी कुणासाठी थांबत नाही. बरोबर चार माणसं असतील तर आधीच ठरवून ठेवा: ताटातूट झाली तर पुढं गेलेल्यानं पुढच्या स्टेशनला उतरून फलाटावरच थांबायचं, मागं राहिलेल्यांनी पुढच्या गाडीनं यायचं. गर्दीच्या वेळी गाड्या सहा-सात मिनिटांच्या अंतरानं असतात. मिटणाऱ्या दारात हात घालण्याइतकी घाई कशाचीच नाही. उलट्या गाडीत बसलात तरी तसंच, पुढं उतरून समोरच्या दिशेची गाडी घ्यायची. ज्वारीचं गाठोडं यंत्रातून तपासून जातं. रॉकेल, फटाके, कोयता असलं काही मात्र घरीच ठेवा.

रुळांवरची हलकी गाडी आपल्या भागानं फार आधी पाहिली आहे. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि १९११ ला लातूरला पोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं अडीच फुटी रुळांवर, एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडणार नाही अशा बेतानं ती उभी केली होती. रूळ हलके, म्हणून खर्चही बेताचा. पुढं तो मार्ग ब्रॉडगेज झाला आणि आता लातूरहून मुंबईला जाणारी एक्स्प्रेस पुण्यावरून जाते. त्या गाडीनं आलात तर पुणे स्टेशनला लागूनच मेट्रो आहे. फक्त ती ॲक्वा मार्गावरची, एवढं ध्यानात असू द्या.

पिंपरीकडं कामाला असलेल्या पोरांना भेटायला जाणाऱ्यांसाठी दोन खुणा. वल्लभनगरचा एसटी स्टँड संत तुकाराम नगर स्टेशनच्या जवळ आहे. आणि मेट्रो सुरू झाली तेव्हा ज्या स्टेशनला भोसरी नाव दिलं, ते प्रत्यक्षात नाशिक फाट्यावर आहे. भोसरी गाव तिथून लांब. नुसत्या नावावर उतरलात तर पुढं रिक्षाचे पैसे मोजावे लागतील.

शहरातल्या स्टेशनांना बाहेर पडायची दारंही एकाहून जास्त असतात, आणि एक रस्त्याच्या या बाजूला तर दुसरं त्या बाजूला निघतं. न्यायला येणाऱ्याला ‘मंडईला उतरलो’ एवढंच सांगितलं तर दोघंही एकमेकांना शोधत फिराल. वर येण्याआधी भिंतीवरचा नकाशा बघा आणि फोनवर दाराचा नंबर सांगा.