स्टिरिओचा आवाज टोचतोय? नवीन अँप्लिफायर घेण्याआधी हे करून बघा

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढून टाकलीय, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.

आजचा विषय असा, की घरातला स्टिरिओ कोरडा वाजतो, चार गाणी ऐकली की बंद करावासा वाटतो, तर तो उबदार कसा करायचा? पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

गेल्या वर्षी आम्ही गिरगावातल्या चाळीतून ठाण्याच्या फ्लॅटमध्ये आलो. स्टिरिओ तोच, जुना अँप्लिफायर आणि दोन छोटे स्पीकर. बाबांचा नेमही तोच, संध्याकाळी दिवाबत्ती झाली की भीमसेन जोशींचे अभंग. पण नव्या घरात आठवडाभरातच ते कुरकुरायला लागले. "टाळ कानात घुसतोय गं. आणि पखवाज कुठे गेला?"

मी काय म्हणाले? "बाबा, यंत्र तेच आहे, सीडी तीच आहे. तुमचे कान तपासून घेऊ या." ते काही बोलले नाहीत. महिन्याभराने माझ्या लक्षात आलं, की संध्याकाळी स्टिरिओ लागतच नाहीये. मग मला अपराधी वाटलं आणि मी इंटरनेटवर ट्यूब अँप्लिफायरच्या किमती बघायला लागले. म्हणजे आधी बाबांना दोष दिला, मग यंत्राला. दोन्ही चूक.

पहिली गोष्ट: वायर

स्पीकरला दोन वायरी जातात, लाल आणि काळी. लाल लालला, काळी काळीला. सामान लावताना घाईत मी एका स्पीकरच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. तसं झालं की एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. दोघांचा खर्ज हवेत एकमेकांना खाऊन टाकतो. वरचे स्वर मात्र बऱ्यापैकी शाबूत राहतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात ती तो घुमारदार खर्ज यावा म्हणूनच, आणि आमच्याकडे नेमका तोच गायब झाला होता! टाळ तेवढा उरला. बाबा अगदी अचूक सांगत होते.

तुमच्याकडे तपासायचं असेल तर अँप्लिफायर बंद करा, एकाच स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा आणि तेच गाणं पुन्हा लावा. ज्या जोडणीत गायक दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध उभा वाटतो आणि खर्ज भरतो, ती बरोबर.

दुसरी गोष्ट: जागा

आमचे स्पीकर उंच शोकेसवर, छताजवळ गेले होते, कारण खाली जागा नव्हती. स्पीकरमधला छोटा गोल भाग, म्हणजे ट्वीटर, बसल्यावर साधारण कानाच्या उंचीला यायला हवा. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा जवळपास समभुज त्रिकोण करा. आमच्याकडे प्रत्येक बाजू ७ फुटांची झाली.

आता उबदारपणाची किल्ली. स्पीकर मागच्या भिंतीजवळ नेला की खर्ज वाढतो, लांब आणला की आवाज मोकळा पण हलका होतो. कोपऱ्यात ठेवला तर खर्ज इतका वाढतो की शब्द बुडतात. म्हणून भिंतीपासून एक फुटावर सुरू करा आणि चार-चार बोटं सरकवत ऐका. आणखी एक, आवाज टोचत असेल तर स्पीकरचं तोंड थेट कानाकडे ठेवू नका, किंचित बाहेर वळवा. ट्वीटरचा आवाज सरळ रेषेत सगळ्यात तीव्र असतो, बाजूला तो मवाळ होत जातो.

तिसरी आणि सगळ्यात मोठी: खोली

चाळीतली आमची खोली आठवा म्हणजे बघा. पलंगावर कापसाची गादी, कपाटावर पांघरुणांच्या घड्या, भिंतीला पुस्तकं, दोरीवर कपडे. नव्या घरात गुळगुळीत टाइल्स, सरकत्या काचा, रिकाम्या भिंती. मधोमध उभं राहून टाळी वाजवली तर मागून "टर्रर्र" असा आवाज यायचा.

होतं काय, की स्पीकरचा आवाज सरळ कानात येतो आणि भिंतीवर आपटूनही येतो. सरळ वाट २.५ मीटर आणि भिंतीवरून ४ मीटर धरली, तर दुसरा आवाज साधारण ४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून. हा फरक इतका छोटा, की तो वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येत नाही. तो मूळ आवाजात मिसळतो आणि त्याला कर्कश करतो.

उपाय घरातच होता. आजीची जाड गोधडी. ती कुठे लावायची? तुम्ही खुर्चीत बसा, दुसऱ्याला भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज आपटून येतो. तिथे गोधडी टांगा. समोर जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा, काचेवर दुहेरी कापडाचा पडदा. पातळ जाळीदार पडद्याने काही होत नाही.

एक मर्यादा सांगते. गोधडी वरचे स्वर शोषते, खर्ज नाही. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ ३.४ मीटर लांब असते, तिला गोधडी म्हणजे काहीच नाही. आमच्या एका कोपऱ्यात अजून थोडं घुमतं. खुर्ची फूटभर पुढे घेतली, भागतंय.

आवाज कमी ठेवला की रुक्ष का वाटतो?

१९३३ साली बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं, की आवाज हळू असेल तेव्हा आपल्या कानाला खर्ज जास्तच कमी ऐकू येतो. जुन्या अँप्लिफायरवर "लाउडनेस" नावाचं बटण असतं ते याचसाठी. रात्री हळू ऐकताना ते चालू करा, मोठ्याने ऐकताना बंद. बास-ट्रेबलच्या खुंट्या फिरवण्यात कमीपणा नाही. ट्रेबल जरासा खाली घ्या, मात्र हे सगळ्यात शेवटी.

मग ट्यूब अँप्लिफायर फुकट आहे का?

नाही. त्यातले अनेक मूळ स्वरात त्याच्या दुपटीचा स्वर किंचित मिसळतात. सा असेल तर वरच्या सप्तकातला सा. तो सुरातच असल्यामुळे आवाज भरल्यासारखा, गोड वाटतो. ज्यांना आवडतो त्यांनी जरूर घ्यावा. पण उलटी वायर आणि रिकाम्या भिंती तो दुरुस्त करत नाही. माझे पैसे तसेच वाया गेले असते.

तर क्रम लक्षात ठेवा: वायर, जागा, खोली, खुंट्या आणि मग खरेदी. पहिल्या चारांना आमचा खर्च झाला फक्त सतरंजीचा.

सगळं लावून झाल्यावर मी बाबांना हाक मारली. ते बसले, डोळे मिटले. दुसऱ्या कडव्याला त्यांचा हात मांडीवर ठेका धरायला लागला. अभंग संपल्यावर म्हणाले, "कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होतीस ना? रद्द कर." मी म्हटलं, "चुकलं माझं, बाबा." ते म्हणाले, "पुढचा लाव."

घरात कुणी "आवाज टोचतोय" म्हटलं, तर आधी त्यांचं म्हणणं खरं धरा आणि तपासायला लागा. तुमच्या खोलीत टाळी कशी वाजते, ते आम्हाला जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात!