सहकुटुंब पॅरिसला जाताना

क्रॉयडनहून मुला-नातवंडांसह रेल्वेने पॅरिसला जाताना फ्रान्सची सीमा आपल्याला लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनातच लागते. फ्रेंच अधिकारी गाडीत बसण्याआधी तिथेच पासपोर्ट तपासतात. म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट आपण वेगवेगळा पाहावा. ब्रिटिश पासपोर्ट काढून जाण्याच्या दिवशी १० वर्षे झालेली नसावीत आणि परतीच्या दिवसानंतर किमान ३ महिने त्याची मुदत असावी. इस्रायली पासपोर्टवर छोट्या सहलीसाठी व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या आजींना मात्र, इंग्लंडमध्ये कायम राहण्याची परवानगी असली तरी, शेंगेन व्हिसा लागतो. तो वेळेवर काढला नाही, तर आजी स्टेशनातूनच माघारी येतील. डब्यात मांस वा दुधाचे पदार्थ नेऊ नयेत. तिकडे बंदी आहे. शुक्रवारी निघालो, तर शब्बाथ लागण्यापूर्वी मुक्कामी पोहोचवणारी गाडी धरावी.