मोरीतलं पाणी आणि सरीतलं पाणी



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, खोडवा आणि हुमणी सोडून संडासाविषयी लिहावे, हे वाचून काही जण हसतील. खुशाल हसा. पण ऊसनोंदीसाठी गावोगाव फिरताना चहाच्या कपाबरोबर एक तक्रार नेहमी कानावर येते, "साहेब, पाण्याला प्रेशरच नाही, संडास धड साफ होत नाही." आणि उपाय बहुतेक ठिकाणी एकच केलेला असतो. मोठी टाकी आणायची, नाहीतर मोठी मोटर बसवायची. पैसे जातात, तक्रार राहते.

आपल्या एका सभासदाच्या घरचा प्रकार सांगतो. नाव देत नाही, त्यांनीच तशी अट घातली आहे. रानात नवा स्लॅबचा बंगला बांधला. आजींच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, म्हणून खास त्यांच्यासाठी खुर्चीसारखे कमोडचे भांडे आणि फ्लशची टाकी बसवली. सहा महिन्यांत फ्लश चालेना. कधी पाणी भांड्यात वर चढायचे, कधी टाकीच भरायची नाही. सुनेला बादल्या ओताव्या लागतात याचा आजींना संकोच वाटू लागला. शेवटी त्या काठी टेकत, पहाटेच्या अंधारात पुन्हा उसाच्या कडेला जाऊ लागल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, दुखरा गुडघा आणि बांधाला घोणशीची भीती! मी गेलो तेव्हा मालकांनी एक हजार लिटरची टाकी काढून दोन हजारांची चढवली होती आणि फरक शून्य होता.

आता यात मुळातली गोष्ट अशी की, पाण्याचा दाब टाकीच्या लिटरवर नसतो, उंचीवर असतो. पाण्याची पातळी तोटीपासून १० मीटर वर असेल तेव्हा कुठे तोटीला साधारण १ किलो दाब मिळतो. ठिबकच्या गेजवर आपण जो १ किलो बघतो तोच हा. स्लॅबवर ठेवलेल्या टाकीतले पाणी न्हाणीच्या तोटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर वर, म्हणजे दाब पाव किलोच्या आसपास. एवढा तुटपुंजा दाब वाटेत वाया जाऊ द्यायचा नाही, एवढेच आपल्या हातात असते.

वाटेत तो कुठे जातो, हे बादली आणि घड्याळ घेऊन समजते. प्रत्येक तोटीखाली तीच बादली लावा आणि भरायला किती वेळ लागतो ते मोजा. एकच तोटी मंद असेल तर दोष त्याच तोटीत आहे. तिची जाळी किंवा कॉक काढून बघा, क्षार नाहीतर वाळू सापडेल. जुना लोखंडी पाईप असेल तर तो आतून क्षाराने भरत येतो. बाहेरून अर्ध्या इंचाचा दिसतो, आत पेन्सिलीएवढीही वाट उरत नाही. सगळ्याच तोट्या मंद असतील तर वर टाकीकडे चला.

या घरी सगळ्याच मंद होत्या. त्यातही सकाळी टाकी भरल्यावर पाणी बरे यायचे आणि दुपारी करंगळीएवढी धार. वर जाऊन पाहिले तर टाकीच्या तळातून निघालेला पाईप मिस्त्रीने आधी दीड फूट वर चढवून, कठडा ओलांडून मग खाली सोडलेला. त्या उंचवट्यात हवा अडकून बसायची. टाकीतली पातळी उंचवट्याच्या खाली गेली की ओढ संपली. शिवाय टाकीपासूनच अर्ध्या इंचाचा पाईप. आम्ही कठड्याला भोक पाडून पाईप सरळ खाली घेतला, सव्वा इंचाचा केला आणि टाकीजवळ त्याला हवेची एक उभी नळी जोडली. तिचे तोंड टाकीतल्या पाण्यापेक्षा उंच ठेवायचे, नाहीतर तिथून पाणी सांडत बसेल. तोट्या सुधारल्या, फ्लशची टाकी वेळेत भरू लागली. (ग्रामपंचायतीच्या नळाला थेट मोटर लावून ओढणे हा उपाय नव्हे. त्यात शेजाऱ्याची घागर रिकामी राहते आणि गळक्या लाईनीतून गटाराचे पाणी आत ओढले जाते.)

मी मोठ्या ऐटीत निघालो. आठ-दहा दिवसांनी फोन आला, "साहेब, परत तुंबला." माझी चूक अशी झाली होती की मी सगळा दोष दाबावर घातला होता. खरे पाहता फ्लशचा जोर नळाच्या दाबावर नसतोच. टाकीत साठलेले पाणी किती आणि ते किती झपाट्याने सुटते यावर तो असतो. दाब कमी असला तर टाकी उशिरा भरते, एवढेच. हे तपासायला भांड्यात अर्धी बादली पाणी एकदम ओतावे. झपकन साफ झाले तर दोष फ्लशच्या टाकीत आहे. तिचा फुगा नीट लावून पाण्याची पातळी वाढवली की काम होते. ओतलेले पाणी वर चढून सावकाश उतरले तर अडथळा पुढे आहे. मग वाटेतल्या चेंबरचे झाकण उघडावे. चेंबर कोरडे असेल तर भांडे ते चेंबर यामध्ये अडकले आहे. चेंबर तुडुंब असेल तर त्याच्याही पुढे.

इथे चेंबर तुडुंब होते. मालकांनी आधीच दोनदा टँकर आणून सेप्टिक टाकी उपसली होती. सेप्टिक टाकी बाहेर जाणाऱ्या पाईपापर्यंत कायम भरलेलीच असते हे पुष्कळांना ठाऊक नसते, आणि 'टाकी भरली' म्हणून उपसा होतो. पाणी त्या पाईपाच्याही वर चढले असेल तर शोषखड्डा पाणी घेत नाही असे समजावे. उपसल्यानंतर आठवड्यात पुन्हा तुंबले, तर टाकीला बोल लावू नये.

मग मालकांना विचारले, कोणकोणत्या दिवशी तुंबला? त्यांना आठवेना. आजींना मात्र एकेक दिवस पाठ होता. "तुमची पाण्याची पाळी असली की माझी पाळी चुकती," त्या म्हणाल्या. उपसा योजनेच्या चिठ्ठ्या काढून ताडून बघितले, तारखा जुळल्या! शोषखड्डा घराच्या मागे, उसाच्या पहिल्या सरीपासून चार हातांवर. काळी जमीन, पाट भरून पाणी दिले की खड्ड्याच्या भोवतीची माती गच्च व्हायची. तुडुंब वावरात आपण निचरा मागतो, तो बिचारा शोषखड्डा कुणाकडे मागणार?

घराच्या बाजूच्या सऱ्या काढून तिथे चर मारला आणि चराचे तोंड ओढ्याच्या उताराला दिले. उरलेला तुकडा ठिबकवर घेतला. आंघोळीचे पाणी वेगळे करून केळीच्या आळ्यात सोडले, खड्ड्यावरचा भार तेवढा हलका झाला. नवा शोषखड्डा घराच्या पुढच्या, उंच अंगाला काढला. विहीर तिथून साठ फुटांहून लांब आहे हे टेप लावून पाहिले.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. तुंबले म्हणून सेप्टिक टाकीत माणूस उतरवू नका, स्वतः उतरू नका, वाकून काडी ओढून तर मुळीच बघू नका. आतला वायू माणसाला ओरडायलाही सवड देत नाही, आणि वाचवायला गेलेला दुसराही आतच राहतो. संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टँकरवाल्याला वरूनच पाईप टाकायला सांगा.

गेल्या पावसाळ्यात त्या घरी गेलो होतो. सलग पाऊस, चर वाहत होता, फ्लश चालू होता. आजी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. जुनी हजार लिटरची टाकी गोठ्यामागे जनावरांच्या पाण्याला लावली आहे. नवी दोन हजारांची कशाला घेतली, यावर अजून घरात बोलणे होते.