साठीतले पालथे पडणे

आमचा नातू चौथ्या महिन्यात पहिल्यांदा पालथा पडला तेव्हा घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. पुढे दोनच महिन्यांनी, एप्रिल २०२१ मध्ये, त्याच्या आजोबांनीही पालथे पडून दाखवले. त्यांचे कौतुक करायला मात्र घरचे कोणी जवळ नव्हते. अंगभर प्लास्टिकचा पोशाख चढवलेली एक परिचारिका तेवढी होती. ती म्हणाली, "छान जमलं, काका. आता असंच राहायचं."

पुण्यातल्या एका रुग्णालयाचा तो करोना कक्ष. बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला आकड्यांचे भय वाटू नये. पण बोटाच्या चिमट्यावर ८५ हा आकडा पाहिला आणि माझे हातपाय गार पडले. नाकातोंडावर घट्ट मास्क बसवून यंत्राने दाबाने हवा आत सोडायला सुरुवात झाली. घशात नळी न घालता श्वासाला आधार देण्याची ही रीत. श्वास सोडल्यावरही थोडा दाब राहतो, त्यामुळे फुप्फुसातले वायुकोश पुरते मिटत नाहीत. ऐकायला सोपे आहे. सोसायला मात्र धावत्या गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून रात्रभर बसल्यासारखे वाटते. त्यात डॉक्टर म्हणाल्या, पोटावर झोपा. मला रागच आला. दुखणे छातीत, आणि तीच दाबून झोपायचे?

माझ्या सुनेच्या वयाच्या त्या डॉक्टरांनी एवढ्या धावपळीतही दोन मिनिटे काढली. फुप्फुसांचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणे झोपले की हृदयाचा आणि सुजून जड झालेल्या फुप्फुसांचा भार त्याच भागावर येतो व तिथले वायुकोश मिटतात. रक्त मात्र तिकडेच जास्त वाहत राहते. मला ते माझ्या भाषेत उमगले : रोकड एका शाखेत आणि गिऱ्हाइकांची रांग दुसऱ्याच शाखेत! पालथे झाले की पाठीकडचे वायुकोश उघडतात आणि रांगेतल्या रक्ताला प्राणवायू मिळू लागतो.

हा उपाय करोनाच्या काळात सुचलेला नव्हे. १९७६ सालीच अमेरिकेत पाच रुग्णांना पालथे करून त्यांच्या रक्तातला प्राणवायू वाढल्याची नोंद झाली होती. २०१३ मध्ये मुख्यतः फ्रान्समधल्या ४६६ अत्यवस्थ, कृत्रिम श्वासावरच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज किमान सोळा तास पालथे ठेवण्याचा त्यात प्रयत्न होता. अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू शेकडा तेहेतीसवरून सोळावर आले. माझ्यासारख्या शुद्धीवरच्या करोना रुग्णांवर सहा देशांत झालेला अभ्यास २०२१ सालचा. त्यात नळी घालण्याची वेळ कमी जणांवर आली. मृत्यूंत मात्र ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही.

हा शेवटचा मुद्दा मला शेजारच्या खाटेने शिकवला. तिथे पन्नाशीचे एक रिक्षावाले होते. मास्कमुळे बोलता येत नसे, म्हणून आम्ही बोटांनी एकमेकांना आकडा सांगायचो. त्यांना पालथे राहणे जमेना, मास्कही सोसवेना. अखेर त्यांना नळी घातली. मग पाच जण त्यांना पालथे करत. एक डोके आणि नळी सांभाळायला, दोघे दोन्ही बाजूंना. "एक, दोन, तीन" म्हटले की दहा हात एकदम हलत. महागड्या यंत्रांच्या गराड्यात हे काम शेवटी माणसांच्या हातांचेच होते.

माझ्यासाठीही मुलाकडून संमतीपत्रावर सही घेऊन ठेवली होती. थकत चाललेल्या रुग्णाची नळी फार लांबवली तर तेही जिवावर बेतते, असे डॉक्टरांनी त्याला बजावले होते. कर्जाच्या कागदांवर सह्या घेताना मी जन्मभर लोकांना "आधी वाचा" म्हणत आलो. मुलाने न वाचताच सही केली, हे त्याने मला पुढे वर्षभराने सांगितले.

चौथ्या रात्री दर दोन तासांनी कूस बदलत मी पहाट गाठली, तेव्हा आकडा ९२ झाला होता. मी शेजारी बोटे दाखवायला हात उचलला. ते बेशुद्धच होते. आठव्या दिवशी त्या खाटेवर नवी चादर घातलेली दिसली.

आमच्या वेळी रोजकीर्द जुळल्याशिवाय बँकेतून कोणी घरी जात नसे. तेच डॉक्टर, तेच हात, आणि ते गेले, मी घरी आलो. ही रोजकीर्द मला अजून जुळवता आलेली नाही.

वाचकांना एवढेच सांगतो, पालथे झोपणे हा दवाखान्याला पर्याय नव्हे. दम लागला तर आधी डॉक्टर गाठावा. गरोदरपण, हृदयाचा मोठा विकार, मणक्याची वा खुब्याची इजा असेल तर हा प्रयोग करू नये. आणि तान्ह्या बाळाने खेळताना खुशाल पालथे पडावे. झोपवताना मात्र त्याला उताणेच ठेवावे.

नातू आता शाळेत जातो. रविवारी दुपारी मी पालथा पडलेला दिसलो की घोडा समजून पाठीवर चढतो. आजी ओरडते, "अरे, उतर, आजोबांना श्वास घेऊ दे." मी तिला हातानेच सांगतो, राहू दे.